जुन्या पुण्याईवर नव्हे

प्रश्न : माझी पुतणी नेटफ्लिक्सवर ‘रानमा’ बघते. ज्या बाईंच्या चित्रकथेवर ती मालिका बेतलेली आहे, त्या म्हणे 1978पासून चित्रकथा काढताहेत. इतकी वर्षं एखादी चित्रकथाकार खपते कशी? जुन्या पुण्याईवर?

उत्तर : पुण्याई आहेच, पण ती बाईंनी आठवड्याच्या आठवड्याला कमावलेली आहे. रुमिको ताकाहाशी यांचा जन्म 1957चा, नीगाताचा. 1978 साली शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन संडे’ या मुलग्यांच्या साप्ताहिकात त्यांची ‘उरुसेई यात्सुरा’ क्रमशः येऊ लागली. ती 1987मध्ये संपली आणि त्याच वर्षी, त्याच साप्ताहिकात ‘रानमा’ सुरू. 1996ला ‘रानमा’ आटोपली, तर लगेच ‘इनुयाशा’. मग ‘रिन्ने’, आणि 2019पासून ‘माओ’. 2017मध्येच त्यांच्या पुस्तकांच्या प्रती 20 कोटींच्या वर गेल्या होत्या.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ‘शोनेन संडे’ वाचणारी पोरं मोठी होतात, अंक सोडतात, त्यांच्या जागी नवी येतात. बाई मात्र तिथेच राहिल्या आणि प्रत्येक नव्या फळीला कोरी करकरीत गोष्ट देत गेल्या. (‘इनुयाशा’ 56 खंडांपर्यंत ताणली, हे मात्र मला जास्तच वाटतं.)

गोष्टीही अशा की मधूनच उघडली तरी कळते. रानमा या पोरावर थंड पाणी पडलं की त्याची मुलगी होते आणि गरम पाणी ओतलं की पुन्हा मुलगा. त्याच्या बापाचा तर पांडा होतो. एवढं कळलं की पुढे पाऊस, तळं, चहाची किटली, काहीही चालतं. वाचकांचा कल ओळखण्यातही बाई तरबेज. ‘उरुसेई यात्सुरा’तली वाघाच्या पट्ट्यांचे कपडे घालणारी परग्रहावरची लम ही खरं तर पहिल्या प्रकरणापुरतीच पाहुणी होती, दुसऱ्यात ती नाहीच. तिसऱ्यात परत आली आणि गोष्टच तिची झाली.

आता पैशाचं. जाडजूड साप्ताहिक हलक्या कागदावर छापतात, लोक वाचून रद्दीत टाकतात. खरी कमाई नंतरची. दहाएक प्रकरणं साठली की त्यांचं पुस्तक निघतं आणि त्यावर लेखकाला रॉयल्टी मिळते. जपानमध्ये पात्रांचा हक्क सहसा चित्रकथाकाराकडेच राहतो, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. अमेरिकेत सुपरमॅनच्या दोघा निर्मात्यांनी 1938 साली त्याचे हक्क 130 डॉलरना विकले आणि पुढे आयुष्यभर कोर्टकचेऱ्या केल्या. जपानी रीतीत मात्र जुनी गोष्ट पुन्हा पडद्यावर आली, की तिची पुस्तकं दुकानात पुढे येतात आणि निर्मात्यालाही त्याचा वाटा पोचतो. ‘उरुसेई यात्सुरा’ 2022मध्ये नव्याने चित्रित झाली, ‘रानमा’ 2024मध्ये. दुसरीत तर 1989च्या मालिकेतलेच प्रमुख आवाज परत बोलावले. म्हणजे आईबापांनी ऐकलेला रानमा मुलांनीही ऐकावा, अशी सोय.

सर्वांत मोठे मानसन्मान उशिरा आले, पण आले. 2019मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने त्यांना सर्वोच्च पुरस्कार दिला, 2020मध्ये जपान सरकारने जांभळ्या फितीचं पदक. खप मात्र त्याआधीच झालेला होता, पुरस्कारांमुळे नव्हे.

पुतणीचं ‘रानमा’ चालू द्या. तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल, तर ताकाहाशीबाईंचीच ‘मेझोन इक्कोकु’ घ्या. मोडकळीला आलेलं भाड्याचं घर, तिथली तरुण विधवा व्यवस्थापिका आणि प्रवेशपरीक्षेत गटांगळ्या खाणारा एक भाडेकरू. ही मोठ्यांसाठीच्या मासिकात सुरू झालेली गोष्ट, म्हणून यात माणसांची वयं वाढतात. शिवाय 15 खंडांत संपते. इंग्रजी अनुवाद मिळतो.