निवड कोणाच्या हाती? पालवणकर बंधू आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय महाविद्यालये

मार्कंडा म्हटले की बाहेरच्या माणसाला वैनगंगेच्या काठावरची दगडी मंदिरे आणि महाशिवरात्रीची यात्रा आठवते. आम्हा आसपासच्या लोकांना त्याबरोबर कबड्डीही आठवते. धान घरात आले, थंडी पडली, की चामोर्शीकडच्या गावागावांत रात्री दिवे लावून सामने रंगतात. त्यातून एखादा पोरगा असा निघतो की सारी पंचक्रोशी त्याचे नाव घेते. पण गावाने नाव घेणे वेगळे आणि संघाच्या यादीत नाव लागणे वेगळे. काही वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला मी अशा दोन पोरांना घेऊन गेलो होतो. दोन बसगाड्या बदलून पोहोचलो. पोरांना मोजून दहा मिनिटे खेळवले आणि यादी वाचून दाखवली. ती यादी आधीच टाईप झालेली होती. परतीच्या वाटेवर एकाने विचारले, "गुरुजी, आमचा खेळ कमी पडला का?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचनात आले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार समाजात झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. वडील लष्करी खात्यात नोकरीला असल्याने मुले पुण्यात वाढली. बाळू यांनी पुण्याच्या पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम धरले. पुढे सुमारे १८९२ साली ते गोऱ्या साहेबांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर गेले. तेथे नेट बांधणे, रोलर ओढणे, आखणी करणे ही कामे होतीच. त्यात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम आले. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. तासन् तास चेंडू टाकून बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान होता आणि गोलंदाजी हे गड्याचे काम!

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून या पोराला घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांना चालत असे, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीच्यांचा आत, चिनी मातीच्या कपात. वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. निवड झाली होती, पण ती हाताची झाली होती, माणसाची नव्हे.

पुढे प्लेगच्या साथीच्या सुमारास ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, परंतु बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर अस्पृश्य बांधवांनी मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. बाबासाहेबांनी तेव्हा बी.ए.ही पूर्ण केले नव्हते.

इतका मोठा गोलंदाज, तरी कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच सांगितले, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि उत्तम फलंदाज असलेले तिसरे बंधू विठ्ठल यांनाही नेतृत्वासाठी डावलले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्यावर जातीमुळे अन्याय होतो, असे जाहीर निवेदन केले. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. अखेर बाळूंना परत घेऊन उपकर्णधार केले गेले आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ सांभाळला. पूर्ण मान मिळाला तो १९२३ साली, विठ्ठल यांना. त्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. पहिला रोलर ओढल्यापासून या दिवसापर्यंत एका घराण्याची तीस वर्षे गेली होती.

हे चालले असताना जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते, ते आता पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची विद्यापीठे काळ्यांना बंद होती, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी महाविद्यालये निघाली. अशी शंभराहून अधिक आजही आहेत. बाळू जिमखान्यात रोलर ओढू लागले त्याच सुमारास, डिसेंबर १८९२ मध्ये, अशा दोन महाविद्यालयांत पहिला फुटबॉलचा सामना झाला. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल असतो, तो बहुधा हातात धरून पळतात, आणि पकडापकडी पाहिली तर आपल्या कबड्डीचीच आठवण व्हावी.

तिकडे धंदेवाईक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून खेळाडू निवडतात. १९३६ पासून ही पद्धत आहे. मागील हंगामात तळाला राहिलेला संघ पहिले नाव घेतो, मग दुसरा, मग तिसरा. अशा अनेक फेऱ्या होतात. कागदावर पद्धत अगदी न्यायाची! परंतु १९३४ ते १९४५ या काळात मुख्य लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. १९४९ साली लुइझियानातील ग्रँब्लिंग महाविद्यालयाचा टँक यंगर लॉस एंजेलिसच्या संघात गेला. कृष्णवर्णीय महाविद्यालयातून त्या लीगमध्ये पोहोचलेला हा पहिला खेळाडू, आणि त्याचे नाव निवडीच्या एकाही फेरीत कोणी घेतले नव्हते.

याच ग्रँब्लिंगचा बक ब्यूकॅनन. १९६३ साली दोन प्रतिस्पर्धी लीग होत्या. एका लीगमध्ये कॅन्सस सिटीला जाणाऱ्या संघाने त्याचे नाव सर्वांत पहिले घेतले. दुसऱ्या, जुन्या लीगमध्ये तेच नाव थेट एकोणिसाव्या फेरीत आले. खेळाडू एक, वर्ष एक, खेळ एक. मग फरक कशात होता? माझ्या मते त्या परतीच्या वाटेवरच्या पोराला द्यायचे उत्तर येथे सापडते.

कर्णधारपदाचे दुखणेही तसेच. त्या खेळात डाव आखणारा व चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक, तो संघाचा मेंदू समजला जातो. काळ्या पोरांचे पाय आणि खांदे हवे होते, मेंदू नको होता. १९६८ साली टेनेसी स्टेटच्या एल्ड्रिज डिकी या क्वार्टरबॅकला पहिल्या फेरीत घेतले आणि मग चेंडू झेलणाऱ्याच्या जागी उभे केले. ग्रँब्लिंगचा डग विल्यम्स १९७८ साली सतराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि क्वार्टरबॅकच राहिला. जानेवारी १९८८ मध्ये त्याने वॉशिंग्टनच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले व सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. काळे खेळाडू सर्वांत शेवटी, १९६२ साली, ज्याने घेतले तोच हा संघ.

हे बदलले कशाने? ग्रँब्लिंगमध्ये एडी रॉबिन्सन नावाचे प्रशिक्षक १९४१ ते १९९७ पर्यंत एकाच मैदानावर उभे राहिले. त्यांच्या नावावर ४०८ विजय आहेत. आणि बिल नन नावाचे पत्रकार होते. काळ्यांच्या मालकीच्या 'पिट्सबर्ग कुरिअर'मध्ये ते दरवर्षी या महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करीत. ज्या मैदानांकडे कोणी फिरकत नसे, तेथे जाऊन त्यांनी नोंदी केल्या. पुढे पिट्सबर्गच्या संघाने त्यांनाच निवडीच्या कामावर घेतले. १९७४ साली जॉन स्टॉलवर्थ चौथ्या फेरीत मिळाला, डॉनी शेल तर निवडीनंतर उरलेल्यांतून आला. दोघेही थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. गवंड्याचा मुलगा जेरी राईस १९८५ साली मिसिसिपी व्हॅलीच्या लहानशा महाविद्यालयातून सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला, तोपर्यंत वाट बरीच मळली होती. दरम्यान गोऱ्यांची मोठी विद्यापीठे काळ्या खेळाडूंना खुली झाली होती, चांगली पोरे तिकडे जाऊ लागली, आणि २०२१ च्या निवडीत या महाविद्यालयांतील एकाही खेळाडूचे नाव आले नाही. डग विल्यम्स व त्याचे सहकारी जेम्स हॅरिस यांनी २०२२ पासून खास या खेळाडूंचा सामना भरवायला सुरुवात केली. त्या वर्षी चौघे निवडले गेले.

पालवणकरांजवळ असे काही नव्हते. स्वतःचे महाविद्यालय नाही, मैदान नाही, बिल नन नाही. चेंडू दुसऱ्याचा, खेळपट्टीही दुसऱ्याची. बाबासाहेबांचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे व औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे. तेव्हा बाळू उतारवयात होते. मधल्या काळात दोघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. आपल्याकडे या कारणाने त्यांचे नाव घ्यायला काही जण कचरतात. मला ते पटत नाही. ज्याच्या सत्कारात बाबासाहेबांनी भाग घेतला, त्याचा खेळ एका निवडणुकीने पुसला जात नाही.

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. म्हणजे नागपूरच्या यादीत कोपरा शोधण्याचे दिवस गेले, पण आमची पोरे कशी खेळतात हे लिहून ठेवणारा अजून कोणी नाही. गेल्या हिवाळ्यापासून मी एक दोनशे पानी वही केली आहे. गाव, तारीख, समोरचा संघ, चढाया किती, गुण किती, पकडी किती, एवढेच त्यात लिहितो. कोणाच्या जातीचा रकाना नाही. पुढच्या चाचणीला जाताना ती वही सोबत नेणार आहे, आणि यादी टाईप होण्याच्या आधी पोहोचावे म्हणून आदल्या रात्रीचीच बस धरणार आहोत.