जनावर एकाचे, विद्या दुसऱ्याची : मराठवाड्यातील वाळवलेल्या मांसाविषयी

आपल्याकडे अन्नाचा विचार बहुधा पाककृतींच्या पुस्तकापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. धान्य शेतातून आले, निवडले, दळले, शिजवले, एवढी साखळी आपल्याला ठाऊक असते. मांसाच्या बाबतीत मात्र गोठ्यातील जनावर आणि ताटातील तुकडा यांच्यामध्ये एक मोठा अंधार आहे. त्या अंधारात कसाई उभा असतो. तो जोवर आहे तोवर त्याच्या कामाचा विचार करण्याची गरज कोणालाच भासत नाही. पण तो नसेल, किंवा त्याला सवड नसेल, तर काय? लहान पशुपालकाने पाळलेले जनावर त्याच्या स्वतःच्या घरात अन्न म्हणून येऊ शकते काय? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचा मराठवाड्याच्या संदर्भात विचार करू लागले की जात, कायदा, हवामान आणि धर्म या चारही गोष्टी एकदम समोर येतात.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत गोमांसाचा बहुतेक व्यापार चार मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडमुळे त्यांचे कित्येक कत्तलकारखाने बंद पडले अथवा मंदावले. तेव्हा लहान पशुपालक आपापल्या भागातील छोट्या कसायांकडे धावले आणि त्यांच्याकडच्या नोंदी वर्षभर पुढच्या तारखांपर्यंत भरून गेल्या. येथे आपल्याला असे वाटेल की कसाई कमी होते, सुऱ्या कमी होत्या. खरी अडचण वेगळीच होती. तिकडे मोठे जनावर कापल्यावर ते शीतगृहात दहा-पंधरा दिवस टांगून ठेवतात; त्याने मांस मऊ होते व त्याला चव येते. तोवर तो आकडा अडून राहतो. म्हणजे कसायाची क्षमता त्याच्या शीतगृहात किती आकडे आहेत यावर ठरते. ज्यांना नंबर लागेना त्यांच्यातील काहींनी स्वतःचे जनावर स्वतःच कापून साठवण्याचा मार्ग धरला. मांसाच्या तपासणीचा १९०६ चा कायदा तिकडे कडक आहे, परंतु मालकाने स्वतःच्या कुटुंबापुरते कापलेल्या जनावराला त्यातून सूट आहे; विकण्यास मात्र बंदी. कायदा आड येत नव्हता. आड आले ते अज्ञान. दोन-तीन पिढ्यांपूर्वी घराघरांत असलेली ही विद्या त्यांना पुस्तकांतून नव्याने शिकावी लागली.

आता मराठवाड्याकडे वळू. साडेतीनशे किलो वजनाचे जनावर घेतले तर कातडे, डोके, पोटातला भाग वगळता साधारण निम्मे वजन उरते आणि हाडे वजा जाता शंभर किलोच्या वर मांस निघते. एप्रिलमध्ये चाळीस अंश तापमानात हे मांस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही टिकत नाही. थंड देशातला माणूस ज्या कामाला पंधरा दिवस लावतो ते येथे सूर्य मावळण्यापूर्वी संपले पाहिजे. त्याला दोनच उपाय आहेत. एक, तोंडे वाढवणे, म्हणजे वाटे घालणे. दुसरा, मांसातले पाणी काढून टाकणे. ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. ते गेले की सडवणाऱ्या जंतूंना जगण्यास आधार राहत नाही. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतची मराठवाड्याची कोरडी हवा, जिला आपण एरवी दूषणे देतो, ती या कामाला फार अनुकूल आहे.

अशा रीतीने वाळवलेल्या मांसाला आपल्या भागात 'चान्या' म्हणतात. कृती सांगायला सोपी आहे, करायला नाही. मांसाचे धागे ज्या दिशेने जातात त्याच दिशेने लांब व पातळ पट्ट्या काढायच्या. पट्टी जाड राहिली तर वरून वाळते व आतून कुजते. फार पातळ झाली तर दोरीवरच तुटते. पट्ट्यांना मीठ, हळद लावायची आणि दोरीवर किंवा बाजेवर उन्हात घालायच्या. कावळे, घारी, कुत्री यांच्यापासून दिवसभर राखण करायची. संध्याकाळी आत घ्यायच्या, सकाळी उलटून पुन्हा टाकायच्या. मोडली की कट्कन तुटेल इतकी वाळली म्हणजे ती मडक्यात किंवा डब्यात जाते. तीन-चार किलो मांसाची जेमतेम एक किलो चान्या होते. चरबी वेगळी कढवून ठेवतात, तीच पुढे फोडणीला येते. रक्त, आतडी, मुंडी, पाय यांना टिकवण्याचा प्रश्न नसतो, ते त्याच दिवशी शिजते. पुढे पावसाळ्यात, हाताला काम नसते आणि घरात कोरड्याला काही नसते अशा दिवसांत, मडक्यातल्या चान्या निखाऱ्यावर भाजून ज्वारीच्या भाकरीबरोबर खायच्या किंवा डाळीत टाकून शिजवायच्या. दक्षिण अमेरिकेतील पर्वतवासीयांचे 'चार्की', ज्यावरून इंग्रजीत 'जर्की' हा शब्द आला, ते याहून निराळे नाही. फरक इतकाच की जर्की आज पाकिटातून विकली जाते आणि चान्यांचे नाव काढताना आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने आवाज खाली घेतला.

तो आवाज खाली का आला, हाच या लेखाचा खरा विषय आहे.

ही विद्या मराठवाड्यात होती, पण जनावरांच्या मालकांकडे नव्हती. देवणी आणि लाल कंधारी बैलांवर जीव टाकणारा कुणबी आपल्या मेलेल्या बैलाला हात लावत नसे. जनावर मेले की महारवाड्यात निरोप जाई. मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे काम आणि त्याचे मांस हा त्यांचा 'हक्क'. परंपरेत ज्यांचा संबंध बिदरच्या बादशहाशी जोडला जातो त्या बावन्न हक्कांमध्ये याचीही गणना होते. मांगवाड्यातही ही विद्या होती. कातडे कोणाचे, मालकाचे की ओढणाऱ्याचे, याची रीत गावोगाव वेगळी आणि भांडणेही गावोगाव. ज्याच्या दावणीला एकही जनावर नव्हते त्याला जनावराचा सांधा न् सांधा ठाऊक होता. ज्याच्या दावणीला चार होती त्याला काहीच ठाऊक नव्हते. अमेरिकेतील शेतकऱ्याने जी विद्या विसरून गमावली ती आपल्या शेतकऱ्याने जातीमुळे कधी मिळवलीच नाही. श्रमविभागणीचे धडे समाजशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो. त्याचे याहून विचित्र उदाहरण सापडणे कठीण.

पण या विद्येचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा असे आपल्या बांधवांना निक्षून सांगितले. पुढे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी कसे जोडलेले आहे याची मीमांसा केली. १९५० साली याच शहरात त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतर झाले. वस्त्यावस्त्यांतून ढोर ओढणे बंद झाले आणि त्याबरोबर दोरीवरच्या चान्याही कमी झाल्या. जी कला नाइलाजातून जन्मली ती नाइलाज संपताच टाकून देण्याचा अधिकार ती जाणणाऱ्यांनाच असतो. बाहेरून येऊन 'अहो, हे तुमचे केवढे सांस्कृतिक वैभव, ते जपा' असे सांगणारा अभ्यासक मला तरी सहन होत नाही.

शिवाय आरोग्याचा मुद्दा आहेच. रोगाने मेलेले जनावर आणि निरोगी असता कापलेले जनावर यांत फार मोठे अंतर आहे. काळपुळीने मेलेल्या जनावरातील जंतूंचे बीजाणू उन्हाने वा मिठाने मरत नाहीत. तेव्हा चान्यांची कृती निर्दोष असली तरी ज्या मालावर ती करावी लागे तो निर्दोष असेलच असे नव्हते. कत्तलीपूर्वी पशुवैद्याने जनावर तपासावे हा नियम केवळ सरकारी कटकट नव्हे, एवढे यावरून मान्य करावे लागते.

या दोन्ही गोष्टी मान्य करूनही एक गोष्ट उरते : त्याग वेगळा आणि विस्मरण वेगळे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये निघाले. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला त्याच्या नावातच उत्तर आहे. महार-मांगांच्या घरातील अन्नाची, मांस वाळवण्याच्या रीतीसकट, त्यात झालेली नोंद ना लाजेची आहे ना मिरवण्याची. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी ते इंग्रजीत नेल्यावर त्याची चर्चा देशभर झाली. मराठीतील पुस्तकाची दखल इंग्रजीत गेल्यावर घ्यायची ही आपली जुनी खोड आहे, ती येथेही दिसली.

आता कायद्याकडे. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. तो १९७८ मध्ये अमलात आला. त्यान्वये गायीच्या कत्तलीस बंदी होती, बैल व म्हैस यांना मात्र अधिकाऱ्याचा दाखला घेऊन ठरलेल्या जागी कापता येत असे. १९९५ च्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, परंतु कत्तलबंदी कायम राहिली. पूर्वी थकलेला बैल पाचोड किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकून ती रक्कम नव्या बैलाच्या किमतीत घालायची, असा लहान शेतकऱ्याचा हिशेब होता. तो मोडला. राहता राहिले रेडे व म्हशी. तेथेही २०२५ च्या जुलैपासून अडचण आली. जनावरांच्या गाड्या रस्त्यात अडवून होणारी मारहाण आणि दाखल होणारे गुन्हे यांना कंटाळून राज्यातील कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. बाजारात दावणीला जनावरे होती, घेणारा नव्हता. शेतकऱ्यांच्या काही पुढाऱ्यांनी तेव्हा कुरेशींची बाजू घेतली, यात नवल नाही. भाकड म्हैस दिवसाला किती वैरण खाते हे ज्याला कळते त्याला कसायाची किंमतही कळते.

अमेरिकेत नंबर लागेना म्हणून शेतकऱ्याने स्वतः सुरी उचलली. आपल्या शेतकऱ्यापुढे हा पर्याय उभाच राहिला नाही. बैल कापणे गुन्हा. म्हैस कापायची तर दाखला व ठरलेली जागा हवी. आणि हे सारे जमले तरी पुढे काय करायचे हे ठाऊक नाही, ठाऊक असले तरी जात आडवी येते. म्हणून त्याच्याकडे दोनच वाटा राहिल्या : पोसत राहणे किंवा रात्री सोडून देणे. मोकाट जनावरांनी पिके खाल्ल्याच्या तक्रारी आपण ऐकतो, त्यांचे मूळ येथे आहे.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपर्यंतच्या औरंगाबादेत, एक प्रसंग मात्र असा आहे की ज्या वेळी सामान्य कुटुंबे हे काम घरी करतात, आणि कसायाकडे नंबर लागत नाही हेच त्याचे कारण असते. तो म्हणजे बकरी ईद. कुर्बानीचे दिवस तीनच, जिल्हिजच्या १० पासून १२ पर्यंत. एरवी वर्षभर पुरून उरणारे कसाई या तीन दिवसांत अपुरे पडतात. पहिल्या दिवशीचा कसाई मिळवायला आधीपासून सांगून ठेवावे लागते. ज्यांना मिळत नाही ते भाऊ-मेहुणे जमवून स्वतः बसतात, किंवा कसायाकडून केवळ मोठे काम करून घेतात आणि तुकडे घरी करतात. बड्या जनावरात सात हिस्से असतात, म्हणून सात घरे एकत्र येतात. प्रत्येक हिश्श्याचे पुन्हा घरासाठी, आप्तांसाठी व गरिबांसाठी असे तीन भाग करण्याची रीत आहे. वाटे घालण्याचा जो उपाय वर सांगितला, तो येथे धर्माचरण होऊन बसला आहे. आणि उरलेल्या मांसाचे काय? तेही मीठ-हळद लावून दोऱ्यांवर वाळत पडते. दखनी मुसलमान घरांत त्याला 'सूखा गोश्त' म्हणतात. तळून, कुटून, खट्ट्या डाळीबरोबर ते खातात. महारवाड्यातील चान्या आणि मोहल्ल्यातील सूखा गोश्त यांच्या कृतीत फरक काढू म्हटले तर मला फारसा सापडला नाही. पहिल्यावर चोरट्यासारखी ओढणी टाकलेली असते आणि दुसरा शेजाऱ्याकडे ताटात घालून पाठवला जातो, हा फरक मात्र मोठा आहे.

फ्रीज आल्यापासून मोहल्ल्यातही दोऱ्या कमी झाल्या. त्यातून चांद्र पंचांगामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१९ मध्ये ती १२ ऑगस्टला होती, २०२० मध्ये १ ऑगस्टला, २०२२ मध्ये १० जुलैला. ऐन पावसाळ्यात मांस वाळणार कसे? लागोपाठ काही वर्षे दोऱ्या बांधल्याच गेल्या नाहीत, तर त्या घरातल्या मुलीला पट्टी किती जाड कापायची हे पाहायलाच मिळत नाही. २०२५ ला ईद ७ जूनला आली. आता ती मे महिन्यात सरकते आहे, म्हणजे पुढील काही वर्षे कडक ऊन आणि कुर्बानी पुन्हा एकत्र येतील. वस्तीतल्या आणि मोहल्ल्यातल्या ज्या आज्या अजून हाताने पट्टी काढतात त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला समाजशास्त्राच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांना एवढा काळ मोकळा आहे.