विज्ञानाच्या पदवीधरास समाजशास्त्राची वाट

प्रश्न : मी बी.एस्सी. झाले असून समाजशास्त्रात एम.ए. करू इच्छिते, पण कलाशाखेवाचून प्रवेश नाही, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईसच जावे लागते, असे सांगतात. हे खरे काय?
— एक वाचक, किनवट

उत्तर : नाही, आपण निःशंक मनाने अर्ज करावा. समाजकार्य, ग्रामविकास इत्यादी विषयांस बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो. शुद्ध समाजशास्त्राचे नियम मात्र विद्यापीठागणिक भिन्न असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच फी भरावी.

१९९४ साली स्थापन झालेले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र तर खुद्द किनवटला आहे. आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील केंद्र ग्रामीण जीवनाच्या अभ्यासासाठीच उभारलेले असून, तेथील प्रवेशासाठी द्यावयाच्या सीयूईटी-पीजी परीक्षेच्या अर्जाची मुदत बहुधा हिवाळ्यातच संपते, हे विसरू नये. घर सोडणे अशक्य असल्यास इग्नूचा दूरशिक्षणाचा मार्गही मोकळा आहे.

गोंड, कोलाम, आंध या समाजांच्या सहवासात वाढलेल्या विद्यार्थिनीपाशी, शहरातील अभ्यासकास वर्षानुवर्षे खपूनही सहसा न लाभणारी जाण असते; प्रबंधाचा विषय आपल्याच तालुक्यात शोधावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

पुढे प्राध्यापकीचा विचार असेल, तर नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के, राखीव प्रवर्गास ५० टक्के गुण लागतात.