येताना पेनड्राइव्ह आण

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, वर्गात टीव्ही आहे, कपाटात एक जुना लॅपटॉप आहे, पण त्याचं मी करू काय?" तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं डोक्यात घोळतंय. फोनवर ते होत नाही. तुझी एसटी येते, नाहीतर माझा तास सुरू होतो. म्हणून आज भांडी आवरून निवांत लिहायला बसले.

आधी पैशाचं बोलू. शिक्षणसेवक म्हणून तुला महिन्याला 16 हजार मानधन. त्यातच खोलीचं भाडं, एसटीचा पास, वर्गासाठी कार्डशीट आणि स्केचपेनं. कुणी कितीही गोड बोलून 'मॅडम, महिन्याला फक्त 299 रुपये' म्हणालं, तरी वर्गातल्या कामासाठी खिशातून रुपया काढायचा नाही. आणि लॅपटॉप दुरुस्तीला टाकलास की दुकानदार म्हणेल, 'सगळं टाकून देतो.' ते सॉफ्टवेअर चोरीचं असतं गं. त्याच्यासोबत व्हायरस येतात, आणि त्याच लॅपटॉपवर तुझ्या पोरांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. सरळ नको म्हण.

पण चोरीच्या मालाइतकंच मला 'फुकट' या शब्दाचं भय वाटतं. ते का, ते सांगते.

परितेवाडीच्या डिसले सरांचं नाव तर तू नोकरी लागायच्या आधीपासून ऐकतेस. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. 2009 मध्ये रणजितसिंह डिसले तिथे रुजू झाले तेव्हा शाळा गोठ्याच्या शेजारी पडल्यासारखी होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, गोष्ट उघडते. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, 10 लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या संध्याकाळी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नुसता जल्लोष होता. मला मात्र राहून राहून एकच वाटायचं. एवढ्याशा वाडीतल्या मास्तरांना हे करता आलं, कारण तो चौकोन वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं क्यूआर कोड काढला तो कारखान्यातल्या मालाची नोंद ठेवायला. पेटंट हातात असूनही त्यांनी त्याचा हक्क गाजवला नाही, रचना सगळ्यांना खुली ठेवली. म्हणून तो दुधाच्या पिशवीवरही आला आणि चौथीच्या पुस्तकातही.

तेव्हा मलाही हुरूप आला. एका वेबसाइटवर 'फुकट' क्यूआर बनवून मिळत होते. मी कवितांचे आठ कोड बनवले, स्टिकर पेपरवर छापून घेतले आणि 42 वह्यांत रविवार खर्चून चिकटवले. पोरं घरी जाऊन आईच्या फोनवर कविता ऐकायची. दोन आठवडे मोठे छान गेले. मग एका सोमवारी एक पोरगी वही घेऊन आली, "बाई, कविता कुठं गेली?" स्कॅन केलं तर कवितेच्या जागी पैसे भरा म्हणून पाटी. त्या कोडात माझ्या कवितेचा पत्ता नव्हताच. पत्ता त्या वेबसाइटचा होता, आणि तिथून ते पोरांना माझ्या कवितेकडे पाठवत होते. मुदत संपली, त्यांनी दार लावून घेतलं. 42 वह्यांतले कोड एका दिवसात मेले. त्या पोरीला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

म्हणून आता कुठलंही नवं साधन हातात घेताना मी तीन गोष्टी बघते. नेट गेलं तर चालेल का? बनवणारी कंपनी उद्या उठून गेली तर माझं काम माझ्याकडे राहील का? पोरांची नावं-नंबर मागतंय का? आपल्या मराठीत फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत ना, तो फरक इथे उपयोगी पडतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे वापरायला, दुसऱ्याला द्यायला, आतून बघायला आणि बदलायलाही तुला मोकळीक आहे. त्याची प्रत मी तुला दिली तर ती चोरी होत नाही.

त्यातलं पहिलं लिब्रेऑफिस. पत्रं, निकालपत्रक, स्लाइड्स सगळं होतं, हे तू ऐकलं असशील. पण 2020 च्या सुरुवातीला आलेल्या 6.4 आवृत्तीपासून त्यात क्यूआर बनवायची सोय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. 'इन्सर्ट'मध्ये जा, 'ओएलई ऑब्जेक्ट' उघड, त्यात क्यूआर सापडेल. चौकटीत पत्ता किंवा मजकूर लिही, ओके कर. झालं. हा कोड तुझा. त्याला मुदत नाही, मधे कुणी दलाल नाही. तिथेच 'एरर करेक्शन' म्हणून चार पर्याय दिसतील. त्यातला 'हाय' घे. मग कोडाचा जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. पोरांच्या दप्तरात डबा उलटून वहीवर शेंगा चटणीचं तेल सांडतंच, तेव्हा हे कामाला येतं.

आणि कोडात पत्ताच लिहावा असं कुठे आहे? सरळ मजकूर लिहिता येतो. गणिताच्या खाली कोड चिकटवायचा आणि त्यात लिहायचं: 'आधी छेद सारखे कर. 4 आणि 6 चा लसावि काढ. अडलास तर पुढच्या पानावरचा कोड बघ.' हा मजकूर कोडातच बसलेला असतो, म्हणून फोनला नेट लागत नाही. तुझ्या पोरांच्या घरी फोन असतो, पण त्यात पॅक असतोच असं नाही. बाप संध्याकाळी घरी येतो, तेव्हा दहा मिनिटं फोन हातात पडतो. तेवढ्यात काम व्हायला हवं. एरर करेक्शन सगळ्यात कमी ठेवलं तरच मोठ्यात मोठ्या कोडात 2953 बाइट मावतात, 'हाय'ला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि आपल्या देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्राही वेगळी धरून, तीन-तीन बाइट घेतं. म्हणून दीडशे अक्षरांच्या पुढे जाऊ नकोस, नाहीतर कोड बारीक जाळीसारखा होतो आणि साध्या फोनच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. छापायच्या आधी नेट बंद करून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासून बघ. फोनचा कॅमेरा वाचत नसेल तर साधं स्कॅनरचं ॲप चालतं.

फाँटचं एक सांगून ठेवते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत माझ्या स्लाइड्स उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसते चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुना, युनिकोड नसलेला फाँट वापरला होता मी. तू पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप कर आणि 'मुक्त' किंवा 'बलू' हे फाँट उतरवून ठेव. एक टाइप या मंडळींनी केलेत, कुणालाही वापरायला खुले आहेत. बलूची अक्षरं अशी गुबगुबीत आहेत की पहिली-दुसरीची पोरं टीव्हीपाशी जाऊन त्यांवरून बोट फिरवतात.

आता तुझी खरी अडचण. दक्षिण सोलापुरातल्या त्या वस्तीवर अर्धी पोरं घरी कन्नड बोलतात आणि तू मराठीत शिकवतेस. सोलापूर शहराच्या पूर्वभागातल्या माझ्या वर्गात तेलुगू आहे, उर्दू आहे, कन्नडही आहे. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही पोरं मुकी आहेत की काय. मुकी नव्हती, मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघ. 2015 पासून आहे, गोष्टी चित्रांसकट खुल्या परवान्यानं ठेवलेल्या आहेत. कितीतरी गोष्टी मराठीत आहेत, त्याच कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये, उर्दूमध्येही आहेत. गोष्ट उतरवून घ्यायची, टीव्हीवर चित्र लावायचं, आधी कन्नड येणाऱ्या पोराला त्याच्या भाषेत सांगू द्यायची, मग तू मराठीत वाचायची. हव्या त्या भाषेत गोष्ट नसली तर तिथेच भाषांतर करून घालता येतं, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव येतं.

ऑडॅसिटी घे. आवाज मुद्रित करायचं आणि कापायचं मुक्त सॉफ्टवेअर. मी एका मुलाच्या आजीला वर्गात बोलावलं होतं. सूप मांडीवर घेऊन विड्या वळता वळता तिनं तेलुगूत एक गोष्ट सांगितली. तिचे हात एकदाही थांबले नाहीत. तिला विचारून मी ती गोष्ट मुद्रित केली. घरी ऐकली तर मागे पंखा, आणि शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट. पंखा घालवता येतो. मुद्रण सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद कुणी बोलायचं नाही. नंतर तेवढाच तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' म्हणायचं, मग सगळं मुद्रण निवडून तेच परत चालवायचं. सलग घरघर निघून जाते. पण मागाची खटखट जात नाही. ठोक्याठोक्यानं येणाऱ्या आवाजाला ही युक्ती चालत नाही, उलट ताणून बघितलं तर आजीचाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मी खटखट तशीच ठेवली. पोरांना ती घरच्यासारखी वाटते.

सातवीला भूमिती तूच घेणार असशील तर जिओजिब्रा टाक. याचा परवाना पूर्ण मुक्त नाही, शाळेसारख्या बिगरव्यापारी कामाला फुकट आहे, पण एकदा घातलं की नेटशिवाय चालतं. म्हणून माझ्या नेटच्या प्रश्नात पास. टीव्हीवर त्रिकोण काढ, तिन्ही कोनांची मापं दाखव आणि माउस पोराच्या हातात दे. शिरोबिंदू ओढला की तिन्ही आकडे पळतात. मी पोरांना वहीत बेरीज करायला लावली, तर एका पोरीचं उत्तर आलं 179.99. वर्गात गोंधळ! 'बाई, पुस्तक खोटं की टीव्ही खोटा?' तो अख्खा तास मग दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा जवळच्या किमतीला आणला की काय हरवतं, यावर गेला. पाठ टाचणात नव्हता तो, पण माझ्या चांगल्या तासांपैकी तो एक.

विज्ञानाला फेट. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञानं 2002 मध्ये सुरू केलेला प्रकल्प. विजेचं मंडल, तराजू, अपूर्णांक, पुष्कळसं मराठीतही झालेलं आहे. एकेक प्रयोग एकेका फाइलीत उतरतो आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतो.

तुझा लॅपटॉप फार रखडत असला तर टाकून देऊ नकोस. लिनक्स घालू, मी मदत करीन. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात, आणि तिथे शिक्षकांनीच एकमेकांना शिकवलंय. आपल्याकडे शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिब्रेऑफिसचे पाठ मराठीत. दहा-दहा मिनिटांचे, बघत बघत सोबत करून बघायचे. रविवारी माझ्या घरी बघितलेस तर अडलेलं तिथल्या तिथे सोडवता येईल.

आणि एक, रागावू नकोस. तू पोरांचे फोटो नावासकट स्टेटसला ठेवतेस. कौतुक कळतं मला. पण कुठल्या पोराच्या घरात काय चाललंय, कुणापासून कोण लपून राहतंय, हे रुजू होऊन तीन महिन्यांत आपल्याला कळत नाही. माझ्या वर्गातली एक आई त्यासाठी शाळेत येऊन रडली होती. पोरांच्या हातांचे, कामाचे फोटो टाक, चेहरे नको. कुठल्या ॲपनं पटावरची यादी मागितली तर हजेरी क्रमांक दे.

रविवारी ये. 16 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आण, लिब्रेऑफिस, ऑडॅसिटी, फाँट आणि फेटच्या फाइली मी भरून ठेवलेल्या आहेत. तुझ्याकडच्या कन्नड पोरांना येतील अशा पाच गोष्टींची नावंही लिहून आण. आणि त्या आजीची गोष्ट तुला ऐकवायची आहे. ती आता नाही, नातू मधल्या सुट्टीत कधीकधी येतो आणि म्हणतो, "बाई, अव्वाचं लावा ना."