शिशिर-वसंत संधिकाळातील वैद्याची परसबाग : नित्याची कामे व आर्द्र द्रव्यांचा संग्रह

प्रास्ताविक

औषधनिर्मितीत सामान्य नियम असा की, शुष्क द्रव्याच्या ऐवजी आर्द्र द्रव्य घ्यावयाचे झाल्यास त्याचे प्रमाण दुप्पट घ्यावे. शार्ङ्गधराचार्यांनी मात्र या नियमास काही अपवाद सांगितले आहेत. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नऊ द्रव्ये सदैव आर्द्रच वापरावीत आणि ती आर्द्र असली तरी दुप्पट घेऊ नयेत, असा त्यांचा निर्देश आहे. वाळलेली गुळवेल व अडुळशाचा चुरा बाजारात सहज मिळतो. परंतु शास्त्राला अभिप्रेत असलेले ताजे द्रव्य मिळवायचे तर ते आपल्या अंगणातच असावे लागते. म्हणून वैद्याची परसबाग हा फावल्या वेळचा छंद नसून चिकित्सेचेच एक अंग होय.

चांदूर बाजार परिसरात माघ-फाल्गुनात या बागेची खरी परीक्षा होते. दुपारी ऊन चटका देते, परंतु सातपुड्याकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यामुळे पहाटेचा गारठा काही जात नाही. अशा लांबलेल्या थंडीत कोणते काम हाती घ्यावे व कोणते थांबवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऋतुनिश्चय : पंचांग व वनस्पती

सुश्रुताचार्यांनी ऋतूंची विभागणी दोन प्रकारे सांगितली आहे. एकीनुसार चैत्र-वैशाख हा वसंत होय, तर दोषांच्या संचय-प्रकोपाच्या दृष्टीने केलेल्या दुसऱ्या विभागणीत फाल्गुन-चैत्र हा वसंत मानला आहे. म्हणजेच फाल्गुन महिना एका दृष्टीने शिशिर, तर दुसऱ्या दृष्टीने वसंत ठरतो. वाग्भटाचार्यांनी मावळत्या ऋतूचे अखेरचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना ऋतुसंधि म्हटले असून, त्या काळात पूर्वीची चर्या क्रमाने सोडावी व पुढील चर्या क्रमाने स्वीकारावी, असे सांगितले आहे. हाच क्रम बागेसही लागू करावा. पाणी एकदम वाढवू नये, आच्छादन एकदम काढू नये, छाटणी एकाच दिवशी उरकू नये.

ऋतू आला की नाही, हे झाडाला विचारावे. आपल्या भागातील संत्र्याचे बागाईतदार आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात व योग्य वेळी पुन्हा पाणी सुरू करतात. केवळ तारीख पाहून ते ताण तोडत नाहीत. अंगणातही कडुनिंबाला तांबूस पालवी येणे, पळस फुलणे आणि अडुळशाच्या पेरांवर कोवळे कोंब दिसणे ही वसंताची लक्षणे समजावीत. ती दिसेपर्यंत बागेत शिशिरच आहे असे धरून चालावे.

पाणी, माती व संरक्षण

पूर्णा खोऱ्यातील काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. थंडीत झाडाचे शोषण मंद असते, त्यामुळे रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. वरून माती भेगाळलेली दिसली तरी दोन बोटे खोल उकरून पाहावे व ओल नसेल तरच पाणी द्यावे. पाणी ऊन वर आल्यावर द्यावे, सायंकाळी देऊ नये. टाकीत रात्रभर गार झालेल्या पाण्यापेक्षा विहिरीचे ताजे उपसलेले पाणी थंडीत कोमट असते, ते अधिक हितकर होय. कुंडीतील माती मात्र लवकर सुकते, म्हणून तिची पाहणी स्वतंत्रपणे करावी.

रात्री नाजूक रोपांवर जुने धोतर किंवा गोणपाट काड्यांच्या आधाराने टाकावे आणि सकाळी अवश्य काढावे. याच काळात गारपिटीचीही शक्यता असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भाने तिचा तडाखा अनुभवला आहे. आभाळ भरून आल्यास कुंड्या ओसरीत घ्याव्यात. गारांनी फाटलेली पाने काढून टाकावीत; ती औषधासाठी वापरू नयेत.

प्रमुख वनस्पतींची कामे

१) अडुळसा : वसंतात सूर्याच्या उष्णतेने संचित कफ द्रवीभूत होतो व कास-प्रतिश्यायाचे रुग्ण वाढतात. म्हणजे अडुळशाच्या स्वरसाची मागणी नेमकी झाड अर्धवट झोपेत असताना वाढते. चरकाचार्यांनी कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, नुकतीच फुटलेली असताना घ्यावीत असे सांगितले आहे. थंडीत थांबलेले झाड ओरबाडल्यास जुनी पाने हाती येतात आणि नवी पालवीही लांबते. यासाठी झाडांचे दोन गट करावेत, एकाच्या तोडणीनंतर दुसऱ्याला विश्रांती द्यावी व कोणत्याही झाडाची एकतृतीयांशाहून अधिक पाने एका वेळी घेऊ नयेत. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत दोन-चार झाडे लावल्यास त्यांना हिवाळ्यातही भरपूर ऊन मिळते व पालवी लवकर येते.

२) गुळवेल : या काळात वेलीची पाने पिवळी पडून गळतात. वेल वाळली असे समजून ती उपटू नये किंवा पाणीही वाढवू नये. पाने नसल्यामुळे ओळख पटविण्याचे काम मात्र अवघड होते आणि येथेच दक्षता हवी. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडणारा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख निश्चित न करता असा निष्कर्ष काढण्यास आक्षेप घेतला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन सदृश वेलींमधील फरक प्रसिद्ध केला. पहिलीचे खोड हिरवे, गाठीविरहित व दुधाळ स्राव नसलेले असते. दुसरीचे खोड करडे, त्यावर उंचवटे असतात व दुधाळ स्राव येतो. पहिलीची फळे गोल व लाल, तर दुसरीची लांबट व नारिंगी असतात. फुलांच्या पाकळ्या अनुक्रमे सहा व तीन असतात. निष्पर्ण वेलीच्या बाबतीत खोड व वाळत असलेली फळे पाहूनच निर्णय करावा. शंका असल्यास ती वेल वापरू नये, आणि शेजाऱ्याने दिलेला तुकडा ओळख पटल्याशिवाय लावू नये.

गुडूचीसत्त्व करणाऱ्यांना गारठ्याचे हे दिवस सोयीचे असतात. बोटाएवढ्या जाडीचे खोड कुटून पाण्यात ठेवल्यास थंडीत पाणी लवकर आंबत नाही व सत्त्व स्वच्छ खाली बसते. ऊन वाढल्यावर हेच काम कठीण होते.

३) अश्वगंधा व शतावरी : पावसाळ्यात पेरलेल्या अश्वगंधेची पाने सुकू लागली व फळे लाल झाली की मुळे काढण्याची वेळ झाली. झाड अर्धवट हिरवे असल्यास घाई करू नये. काढणीच्या आधी सतत पाणी देणेही टाळावे. काळी जमीन फारच आवळली असल्यास आदल्या दिवशी हलके शिंपण करावे, म्हणजे मूळ तुटत नाही. पुष्ट फळांचे बी वेगळे राखावे. शतावरीची वाळलेली वरची वेल कापावी. कंद लागल्यास बाजूचे मोजकेच घ्यावेत व मधला गड्डा जमिनीत राहू द्यावा. चरकाचार्यांनी कंदग्रहणास शरद ऋतू प्रशस्त मानला आहे, म्हणून मोठा संग्रह तेव्हाच करावा.

४) तुळस व कोरफड : थंडीने तुळशीची पाने आखडली तरी खोल छाटणी करू नये. वाळलेल्या मंजिऱ्या खुडून बी ठेवावे व पहाटेचा गारठा ओसरल्यावरच शेंडे छाटावेत. बी पेरताना त्यावर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. कोरफडीला या काळात पाणी जवळजवळ नकोच. पिले वेगळी करण्याचे काम ऊब आल्यावर करावे. पान कापल्यावर ते उभे धरून पिवळा स्राव पूर्ण निथळू द्यावा, नंतरच गर घ्यावा. हा स्राव रेचक असल्याने गरात मिसळू देणे योग्य नाही.

५) पानपिंपरी : अंजनगाव सुर्जीकडील पानमळे व पिंपरीचे मळे आपल्या परिचयाचे आहेत. ही वेल सावली व ओलाव्यात रमणारी असून तिला गार वारा सोसत नाही. घरी एखादी वेल असल्यास उत्तरेकडून शेवरीचा किंवा तुराट्यांचा आडोसा करावा व थंडी सरेपर्यंत छाटणी करू नये.

कीड, वाळवण व नोंद

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास प्रथम पाण्याच्या धारेने धुवावे. तेवढ्याने न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळी ठेचून रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवावी व गाळून फवारावी. फवारणीनंतर किमान आठवडाभर पाने औषधासाठी तोडू नयेत. रासायनिक कीटकनाशकास या बागेत स्थान नाही.

नऊ आर्द्र द्रव्यांखेरीज जी द्रव्ये साठवायची, ती सावलीत पातळ पसरून वाळवावीत. दुपारी कोरडे वाटलेले द्रव्य पहाटेच्या दवाने पुन्हा ओलावते व त्यास बुरशी येते, म्हणून सूर्यास्तापूर्वी ते घरात घ्यावे. प्रत्येक पुडीवर द्रव्याचे नाव, अंग, तोडणीची तारीख व झाडाची अवस्था लिहावी.

ही नोंद औषधालयाच्या मालकांनी विशेष गांभीर्याने घ्यावी. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास कायद्याने निर्मिती परवान्यातून सूट दिली आहे. परंतु विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्यास परवाना व अनुसूची टी मधील कच्च्या मालाच्या नोंदी बंधनकारक आहेत. सूट असली तरी द्रव्याच्या ओळखीची जबाबदारी वैद्यावरच राहते.

उपसंहार

तात्पर्य, लांबलेल्या थंडीत बागेतील बहुतेक चुका घाईमुळे होतात. पाणी बेताने, छाटणी क्रमाने व तोडणी लक्षण पाहून करावी. वेल निष्पर्ण असता ओळख दोनदा तपासावी. ज्यांना प्रत्यक्ष वनस्पती पाहून अभ्यास करावयाचा असेल, त्यांना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान जवळचे आहे. पानगळीच्या दिवसांत एकदा व पालवी फुटल्यावर एकदा, अशी दोनदा भेट द्यावी. एकाच वेलीची दोन ऋतूंतील रूपे ज्याने पाहिली, त्याची सहसा फसगत होत नाही.