पहिलं सिझर का झालं?

दुसऱ्या खेपेला पुण्यात नाव घालायला गेलो, तेव्हा डॉक्टर बाईंनी विचारलं, “पहिलं सिझर कशासाठी केलं होतं?” बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. “बाळाला त्रास होत होता, असं काहीतरी म्हणाले होते.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “काहीतरी म्हणजे? ठोके कमी झाले होते? बाळानं पोटात शी केली होती? की पिशवीचं तोंडच उघडत नव्हतं?” चार वर्षांच्या मुलीचा बाप मी, पण यातल्या एकाचंही उत्तर मला देता येईना.

पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, सोलापुरात झालं. रात्री तीनच्या सुमारास सिस्टर फॉर्म घेऊन बाहेर आल्या. “सिझर करावं लागतंय, सही करा लवकर.” त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली. थोड्या वेळानं दुपट्यात गुंडाळलेली मुलगी हातात आली आणि विचारायचं काही सुचलंच नाही. सकाळपासून बर्फी वाटत फिरलो. फोनवर प्रत्येकाचा एकच प्रश्न, “नॉर्मल की सिझर?” सिझर म्हटलं की पलीकडून “अरेरे!”

त्या अरेरेनं बायको मिटून गेली. आपल्याला जमलं नाही असं तिनं मनाशी धरलं आणि दुखणंही सांगेना. घरात एकीचं म्हणणं, तुपानं टाके पिकतात; दुसरीचं, शेक घेतला की सगळं बसतं. आठव्या दिवशी गाऊनवर पिवळट डाग दिसला. टाक्यांत पू झाला होता. पुढे दहा दिवस ड्रेसिंग चाललं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचे लाड सगळे झाले. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेली पेशंट म्हणून मात्र तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

आता डॉक्टर बाईंना पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, तेही हवं होतं. मी म्हणालो, “टाके आडवेच आहेत.” त्या म्हणाल्या, “कातडीवरचा छेद आडवा असला म्हणून आतला तसाच असतो असं नाही.” घर बदलताना फाइल हरवली होती. सोलापूरला फोन केला, तर इतके जुने कागद ठेवत नाही म्हणाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आहेत, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे आहेत. आम्ही मागितले चार वर्षांनी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे वाचले, तेव्हा आणखी एक किडा डोक्यात शिरला. देशात सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणं सिझरनं, खासगीतली ४७.४ टक्के. मग आमचं खरंच गरजेचं होतं का? असेलही, वेळेवरच्या सिझरनं माय-लेकरं वाचतात. पण त्या रात्री एक प्रश्न विचारला असता, तर आज कुणावर उगाच संशय घ्यायची वेळ आली नसती.

म्हणून सांगतो. सातव्या-आठव्या महिन्यातच दोघांनी डॉक्टरांना विचारून ठेवा, की सिझर कोणत्या कारणांनी करावं लागतं. ऐनवेळी कारण एका वाक्यात विचारा. तेवढ्यानं कुणाचा खोळंबा होत नाही. संमती आधी तिची, त्यामुळे डॉक्टरांनी तिच्याशी बोललं पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर सिझरचं कारण आणि पिशवीवरचा छेद लिहून घ्या. त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

घरी आल्यावर टाके कोरडे ठेवा. तेल, हळद, धुरी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही तिला उचलू देऊ नका. पण झोपूनही ठेवू नका. थोडं थोडं चालल्यानं पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. ताप, टाक्यांतून पाणी किंवा वास, एकाच पोटरीला सूज, धाप, तासाभरात पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि “दुखतंय का?” हे रोज विचारा. ती आपणहून सांगेलच असं नाही.

एका सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं. आधीचा छेद खालचा, आडवा असेल, बाकी अडचण नसेल आणि लागलंच तर लगेच ऑपरेशनची सोय असेल, तर डॉक्टर प्रयत्न करू देतात. बायकोची फार इच्छा होती. पण आमच्याकडे कागदच नव्हता. डॉक्टर बाईंनी धोका समजावून सांगितला आणि आम्ही दुसरंही सिझरच ठरवलं.

या वेळी फॉर्म बायकोनं स्वतः वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली. घरी निघताना मी फाइल उघडून आधी कारणाची ओळ पाहिली, मगच बिल भरलं.