प्रौढ वयातील परभाषा : जपानमधील ऑनलाइन इंग्रजी शिकवणी

जपानमधील बहुतेक सर्व प्रौढ नागरिकांनी शाळेत सहा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक शाळेत आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक शाळेत. असे असूनही चाळिशीतला एखादा अभियंता किंवा हिशेबनीस दिवसभराचे काम आटोपल्यावर रात्री संगणकापुढे बसतो आणि मनिला येथील शिक्षिकेबरोबर पंचवीस मिनिटे अडखळत इंग्रजी बोलतो. त्याबद्दल तो स्वतःच्या खिशातून दरमहा शुल्क भरतो. जी भाषा त्याने सहा वर्षे शिकली, तीच पुन्हा शिकण्यास त्याला कोणती गोष्ट उद्युक्त करते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

या प्रश्नाचे एक मूळ शालेय अध्यापनपद्धतीत आहे. जपानमध्ये दीर्घकाळ ‘याकुदोकु’ नावाची पद्धत रूढ होती. इंग्रजी वाक्यातील एकेका शब्दाचा अर्थ लावावयाचा, ते शब्द जपानी वाक्यरचनेच्या क्रमाने मांडावयाचे आणि मग त्यांचे शुद्ध जपानीत रूपांतर करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. प्राचीन चिनी ग्रंथ जपानी क्रमाने वाचण्याची जी परंपरा होती, तिचाच हा वारसा. मराठीप्रमाणे जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते. त्यामुळे या खटाटोपात विद्यार्थ्याला वाक्याच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा मागे यावे लागते. वाचनासाठी ही रीत कशीबशी चालते. पण बोलणाऱ्यासमोर उभे राहिले असता मागे येण्यास अवधी नसतो. पाठांतराच्या आणि भाषांतराच्या वहीतून इंग्रजी शिकलेल्या भारतीय वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे मूळ परीक्षेत आहे. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने जपानी उद्योगजगताच्या आग्रहावरून ‘टोइक’ ही परीक्षा तयार केली आणि ती १९७९ साली जपानमध्ये प्रथम घेण्यात आली. दोन तास, दोनशे प्रश्न, जास्तीत जास्त ९९० गुण. निम्मे प्रश्न श्रवणाचे, निम्मे वाचनाचे. अनेक कंपन्या नोकरभरतीच्या वा बढतीच्या वेळी हे गुण विचारात घेऊ लागल्या. मात्र या मूळ परीक्षेत उमेदवाराला एकही वाक्य बोलावे लागत नाही. भाषण आणि लेखन यांची स्वतंत्र चाचणी २००६ साली सुरू झाली, तरी प्रतिष्ठा राहिली ती जुन्या परीक्षेचीच. परिणामी उत्तम गुण मिळविलेला, पण परदेशी ग्राहकाचा दूरध्वनी आला की शेजाऱ्याकडे पाहणारा कर्मचारी हे जपानी कचेरीतले ओळखीचे दृश्य ठरले.

हे दडपण २०१० साली उघड झाले. त्या वर्षी राकुतेन या व्यापारी कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी इंग्रजी ही कंपनीची कामकाजाची भाषा राहील असे जाहीर केले, आणि जुलै २०१२ पासून ते पूर्णपणे अमलात आले. होंडा कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनी या कल्पनेची मूर्खपणा म्हणून संभावना केली होती. पुढे २०१५ साली त्याच होंडाने विविध देशांतील शाखांमधील व्यवहार २०२० पर्यंत इंग्रजीत आणण्याचे ठरविले. राकुतेनमधील बदलाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विदुषी त्सेदाल नीली यांना असे आढळले की, तेथील जपानी कर्मचारी आपल्याच देशात परदेशस्थ झाल्यासारखे झाले होते. ज्याने वीस वर्षांच्या कामातून अधिकार मिळविला, त्याला सभेत कालच आलेल्या तरुणाहून कमी बोलता येते. हा आघात पगाराच्या आकड्यात मोजता येत नाही.

मग शिकवणी ऑनलाइनच का? पूर्वी अशा माणसासाठी रेल्वे स्थानकाजवळचे संभाषणवर्ग होते. त्यांना जपानीत ‘एइकाइवा’ म्हणतात. गोरा, इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक हे त्यांच्या जाहिरातीचे मुख्य भांडवल. शुल्क भारी असे आणि ते पुष्कळदा आगाऊ भरावे लागे. यांपैकी सर्वांत मोठी संस्था नोव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा लाखो विद्यार्थ्यांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. स्काइपची सेवा २००३ पासून उपलब्ध होती. तिच्या आधारे फिलिपाइन्समधील शिक्षक जपानी विद्यार्थ्यांना जोडून देणारी रेअरजॉब ही कंपनी २००७ सालीच स्थापन झाली. पाठोपाठ अशा अनेक कंपन्या निघाल्या.

फिलिपाइन्सची निवड आकस्मिक नव्हती. १८९८ नंतर तो देश अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक तेथे उतरले. तेव्हापासून इंग्रजी तेथील शिक्षणाची भाषा बनली. १९८७ च्या संविधानानेही फिलिपिनोबरोबर तिला राजभाषेचे स्थान दिले आहे. मनिला आणि तोक्यो यांच्या घड्याळांत केवळ एका तासाचे अंतर आहे, आणि वेतनांत फार मोठे. स्वस्त शिकवणीचे गणित या दुसऱ्या अंतरावर उभे आहे, हे विसरता येत नाही. पाठ संपल्यावर विद्यार्थी शिक्षिकेला गुण देतो. तिचे पुढचे काम पुष्कळदा त्या गुणांवर अवलंबून असते.

स्वस्ताई हे एक कारण झाले; पण त्याहून बलवत्तर कारण लज्जेचे आहे. प्रौढ विद्यार्थी वर्गात येतो तो आपले वय, हुद्दा आणि प्रतिष्ठा बरोबर घेऊन. चूक करणे हा मुलांचा हक्क समजला जातो, विभागप्रमुखाचा नव्हे. स्थानकाजवळच्या वर्गात शेजारच्या बाकावर हाताखालचा कारकून भेटण्याची भीती असते. घरातल्या खोलीत, दार लावून, ज्या व्यक्तीशी आयुष्यात कधी गाठ पडणार नाही तिच्यासमोर चुकणे त्या मानाने सोपे जाते. समोरच्या शिक्षिकेनेही इंग्रजी पुष्कळदा दुसरी भाषा म्हणूनच आत्मसात केलेली असते, ही जाणीव त्याला दिलासा देते. ‘मातृभाषक’ शिक्षकाच्या आग्रहामागे जो न्यूनगंड होता, तो येथे थोडा सैल होतो.

प्रेरणेच्या शास्त्रीय विवेचनात या गोष्टींना उशिरा जागा मिळाली. कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९५९ साली माँट्रियल येथील फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दोन प्रकार सांगितले : परभाषकांच्या समाजाशी जवळीक साधण्याची इच्छा, आणि नोकरी वा लाभ यांसाठी भाषा साधन म्हणून वापरण्याची इच्छा. पहिलीच अधिक फलदायी असे मानले जाई. परंतु यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतील मराठी भाषक शाळकरी मुलींची पाहणी करून १९७२ साली दाखविले की, तेथे साधनात्मक प्रेरणा असलेल्या मुलींचेच इंग्रजी सरस होते. त्यांना इंग्रजांसारखे व्हावयाचे नव्हते. आपल्याच समाजात पुढे जावयाचे होते. जपानमधील तोमोको याशिमा यांनी २००२ साली यापुढचा विचार मांडला. त्यांच्या मते जपानी विद्यार्थ्याची ओढ कोणा एका इंग्रजी भाषक देशाकडे नसून देशाबाहेरच्या विशाल जगाकडे असते. झोल्टान डॉर्नेई यांनी २००५ साली प्रेरणेचा संबंध माणसाच्या भावी स्वप्रतिमेशी जोडला : आपण कसे व्हावे असे स्वतःला वाटते, आणि आपण कसे असावे अशी इतरांची अपेक्षा असते.

या दोन प्रतिमांचा झगडा ऑनलाइन विद्यार्थ्यात स्पष्ट दिसतो. कंपनीच्या सक्तीने आलेला माणूस हवे ते गुण मिळताच पाठ बंद करतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही, त्याचे काम झालेले असते. निवृत्त शिक्षक, परदेशी पाहुण्यांना गाव दाखवू इच्छिणारी गृहिणी, २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचव्या इयत्तेत इंग्रजी हा रीतसर विषय झाल्यामुळे मुलाच्या आधी स्वतः शिकू पाहणारा बाप, यांच्यापुढे अशी रेषा नसते. जपानला भेट देणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या २०१३ साली प्रथमच एक कोटीच्या वर गेली आणि २०२४ साली साडेतीन कोटींहून अधिक झाली. लहान खाणावळीच्या मालकालाही आता इंग्रजीचे निमित्त दारातच सापडते.

निमित्त सापडले तरी सातत्य राहतेच असे नाही. येथे ठरलेली वेळ हीच खरी मदत करते. पुस्तक उद्या उघडले तरी चालते; परंतु रात्री साडेनऊला दुसऱ्या देशात कोणी आपली वाट पाहत बसले आहे, हे ठाऊक असले की थकलेला माणूसही उठतो. संभाषण करणारे संगणकीय कार्यक्रम २०२२ नंतर सहज उपलब्ध झाले आणि ते मध्यरात्रीही न कंटाळता चुका सुधारतात. त्यांच्यासमोर लाज वाटत नाही. मात्र ज्याला सभेत माणसांसमोर तोंड उघडावयाचे आहे, त्याला सराव हवा असतो तो त्या लाजेचाच. म्हणून तो यंत्राकडे शब्द पाठ करतो आणि साडेनऊची वेळही राखून ठेवतो.